गुमान, यकीन आणि गोळीचा वेग

उर्दूच्या तासाला ‘गुमान’ आणि ‘यकीन’ या शब्दांतला फरक मी मुलांना असा सांगते: ढग पाहून पाऊस येईल म्हणणं हे गुमान, अंगावर थेंब पडला की यकीन. मराठीतला ‘अंदाज’ यातल्या पहिल्याच्या घरचा. परवा हा फरक मला अगदी अनपेक्षित जागी भेटला. बंदुकीच्या गोळीच्या वेगात.

माझा मामेभाऊ अमेरिकेत, टेक्सासला असतो. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. तिकडे तो कायदेशीर आहे. तिथले बरेच शिकारी काडतुसं घरीच भरतात. वापरलेलं पितळी कवच, नवी टोपी, काट्यावर तोललेली दारू आणि वर गोळी. त्यानं फोनवर विचारलं, “आपा, जबह करायच्या आधी गोळीनंच हरीण मेलं, तर ते हलाल का?” आणि मग सहज म्हणाला, “तसा माझ्या गोळीचा वेग किती, तेही मला अंदाजानंच माहीत आहे.” त्याला या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. मला त्या एकाच धाग्यात दिसल्या.

आधी पहिला प्रश्न. मार खाऊन, आपटून मेलेलं जनावर सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीनं हराम केलं आहे. अदी बिन हातिम यांनी शिकारीबद्दल विचारलं, तेव्हा रसूलल्लाह ﷺ यांनी दिलेल्या उत्तराचा आशय बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे: फेकलेल्या काठीचं टोक घुसून जनावर मेलं तर खा, आडवी लागून मेलं तर खाऊ नका. कसोटी स्पष्ट आहे. भेदलं की ठेचलं?

बंदूक आल्यावर उलमांना हीच कसोटी लावावी लागली. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (मृत्यू 1836) यांचं म्हणणं, गोळीला धार नसते, ती जोरानं फोडते आणि जाळते, म्हणून जबह न करता मेलेलं जनावर हलाल नाही. त्यांचेच समकालीन, यमनचे शौकानी (मृत्यू 1834) म्हणाले, गोळी शरीर भेदून आत शिरते, म्हणून हलाल. उपखंडातले अनेक हनफी मुफ्ती आजही पहिलं मत मानतात. मौलाना मौदूदींनी दुसरं मानलं. फतवा देणं माझं काम नाही. मी एवढंच पाहते, की शिशाचा तोच तुकडा हातानं फेकला तर ठेचतो आणि नळीतून सुटला तर भेदतो. वस्तू तीच, बदलला तो वेग. दोन बुजुर्गांच्या मतभेदाच्या मुळाशी वेगच बसला आहे.

हा वेग मोजायचा कसा? 1742 साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं एक साधी युक्ती लिहून ठेवली. जड ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची आणि ठोकळा किती झुलला ते पाहायचं. समजा गोळी 10 ग्रॅमची, ठोकळा 5 किलोचा. गोळी सेकंदाला 800 मीटरनं आली तर ठोकळा सेकंदाला सुमारे 1.6 मीटरनं हलेल आणि साधारण 13 सेंटिमीटर वर चढेल. डोळ्याला न दिसणारी गोष्ट अशी पट्टीनं मोजता आली. हवा गोळीला किती अडवते, हेही त्यातूनच उघड झालं. तोवर तो अडथळा किरकोळ समजला जाई. ऑयलरनं या पुस्तकाचं 1745 मध्ये जर्मन भाषांतर केलं. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आपल्याकडे आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

माझा मामेभाऊ मात्र वेग पुस्तकातून घेत होता. काडतूस भरणाऱ्यांसाठी तक्ते छापलेले असतात: ही गोळी, ही दारू, इतका वेग. उदाहरणार्थ .308 विंचेस्टरची 150 ग्रेनची, म्हणजे साधारण 9.7 ग्रॅमची गोळी सेकंदाला 2800 फुटांच्या आसपास जाते. म्हणजे सुमारे 850 मीटर, आवाजाच्या अडीच पट. पण तो आकडा तक्ता करणाऱ्याच्या नळीचा असतो. तिची लांबी बहुधा 24 इंच. आपली नळी आखूड असेल तर इंचामागे वीस-पंचवीस फूट कमी धरतात. शिवाय थंडीत दारू मंद जळते, आणि एकाच लांबीच्या दोन नळ्याही सारखा वेग देत नाहीत.

फरक पडतो किती? हवा सोडून देऊन साधं गणित करू. बंदूक अगदी आडवी धरली आणि गोळी 800 मीटरच्या वेगानं गेली, तर 200 मीटरवर पाव सेकंदात पोहोचते आणि सुमारे 31 सेंटिमीटर खाली येते. वेग 700 असेल तर 40 सेंटिमीटर. हे नऊ सेंटिमीटर कागदी निशाण्यावर काहीच नाहीत. हरणाच्या अंगावर मात्र तेवढ्यानं काळजाऐवजी पाय किंवा पोट सापडू शकतं. शिकारीची बरीचशी गोळी आत शिरल्यावर फुलेल अशी बनवलेली असते. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की ती फुलत नाही. मग जखमी जनावर झाडीत पळतं आणि तासन्‌तास तडफडतं.

उलट, वेग तक्त्यापेक्षा बराच जास्त निघाला तर शिकाऱ्याला आनंद होतो. तो आनंदही धोक्याचा, कारण जास्त वेगामागे बहुधा नळीतला जास्त दाब असतो आणि ती नळी त्याच्या गालाशी असते.

यावर उपाय महाग नाही. क्रोनोग्राफ नावाचं यंत्र मिळतं. त्यात ठरावीक अंतरावर दोन प्रकाशसंवेदक असतात. गोळीची सावली एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला ते यंत्र मोजतं. अंतर 60 सेंटिमीटर आणि वेग 800 मीटर असेल तर तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाचा पाऊण हिस्सा. एक गोळी मारून थांबायचं नाही, कारण एक आकडा म्हणजे पुन्हा गुमानच. आठ-दहा गोळ्या मारायच्या, सरासरी काढायची आणि त्याहून महत्त्वाचं, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत अंतर किती ते पाहायचं. हे अंतर मोठं असेल तर सरासरीवर विसंबून लांबून नेम धरू नये, जवळ जावं.

मामेभावाला मी मसला त्याच्या मुफ्तींना विचारायला सांगितलं. पण एक गोष्ट कोणत्याही मसलकात वादाची नाही. जबह करताना सुरी धारदार ठेवा, जनावराला आराम द्या, ही ताकीद सहीह मुस्लिममध्ये आहे. ज्याच्या हातात सुरीऐवजी बंदूक आहे, त्याच्यासाठी धार लावणं म्हणजे वेग मोजणं, असं मला वाटतं.

अंदाज वाईट नाही. घर, शेत, बाजार अंदाजावरच चालतात. पण जिथे अंदाजाच्या दुसऱ्या टोकाला एक जीव उभा असतो, तिथे यकीनापर्यंत जाण्याचा रस्ता असूनही अंदाजावर थांबणं मला अमानतीत खयानत वाटते.