गंजावरचा रंग

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला आणि लांबोटीच्या पुलापाशी सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाला. नेमक्या त्याच दिवशी सोलापुरात आमच्या आत्याबाईंना माती द्यायची होती. आम्ही उभयता मोहोळच्या घरी रोझरी म्हणत बसून राहिलो. पूल असतो तोवर तो दिसत नाही, हे तेव्हा कळले.

अशा वेळी आम्हांस अहमदाबादेत पाहिलेला एलिस पूल आठवला. साबरमतीवरील हा धनुष्याकृती कमानींचा लोखंडी पूल १८९२ सालचा. तेथील आधीचा लाकडी पूल १८७५ च्या पुरात वाहून गेला. तरी लोक यालाही ‘लक्कडिया पूल’च म्हणतात, जसा पुण्याचा लकडी पूल लाकूड जाऊनही लकडीच राहिला. अभियंते हिम्मतलाल धीरजराम भचेच यांनी ५ लाखांच्या अंदाजाचे काम सुमारे ४ लाख ७ हजारांत पुरे केले. पैसे वाचले, म्हणून सरकारला संशय आला की माल हलका असावा! चौकशीत काम उत्तम ठरले आणि त्यांना किताब मिळाला.

पुढे १९९९ मध्ये दोन्ही अंगांस काँक्रीटचे पूल झाले आणि हा वृद्ध मध्ये नुसता उभा राहिला. तो पाडावा असाही विचार निघाला; नागरिकांनी विरोध केला. २०२४ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या जीर्णोद्धारासाठी सुमारे ३२ कोटी रुपये मंजूर केले.

जुन्या लोखंडाची दुरुस्ती रंगाने होत नाही. आधी जुना रंग उतरवावा लागतो, गंज खरवडून मूळ धातू उघडा करावा लागतो. खाल्लेले पत्रे बदलायचे, सैल रिव्हेट काढायचे, आणि मग शेवटी रंग. गंजावर दिलेला रंग दिसतो चांगला. आत मात्र लोखंड झिजतच राहते.

हे आठवले आणि आम्ही ओशाळलो. धाकट्या बंधूंशी जमिनीच्या वाटणीवरून नऊ वर्षे आमचा अबोला होता. नाताळाला शुभेच्छापत्र धाडत होतो, लग्नकार्यात हसत होतो. तो सारा गंजावरचा रंग. आत्याबाईंची एकच इच्छा होती, की दोघा भावांनी एका बाकावर बसून मिस्सा ऐकावी. पोपमहोदयांच्या ‘पॉन्टिफेक्स’ या लॅटिन बिरुदाचा अर्थ ‘पूल बांधणारा’ असा सांगतात. रोममधल्या पुलाचे आम्हांस कौतुक. घरातला मात्र आम्हीच पाडला होता.

पाणी ओसरताच आम्ही निघालो. कबरीवर फुले वाहून थेट बंधूंच्या दारी गेलो. “वाटणीत चूक आमची होती,” एवढेच आम्ही म्हणालो. ते बराच वेळ उंबऱ्यात उभे होते. मग म्हणाले, “दादा, वहिनी, आत या. चहा टाकायला सांगतो.”

खरवडायचे अजून पुष्कळ आहे. पण काम सुरू झाले आहे.