डी-जेट्रॉनिकचे इंजिन पुन्हा बांधताना

पोर्शे ९१४ ही दोन माणसांची, इंजिन मागच्या चाकांच्या पुढे बसवलेली गाडी १९६९मध्ये आली आणि १९७६मध्ये बंद झाली. युरोपात ती फोक्सवॅगन-पोर्शे या जोडनावाने विकली गेली. नावात लपवाछपवी नव्हती: सहा सिलिंडरची थोड्या संख्येने निघालेली आवृत्ती सोडली, तर बाकी सगळ्या ९१४च्या पोटात फोक्सवॅगनचेच ‘टाइप ४’ घराण्यातले इंजिन होते. समोरासमोर आडवी निजलेली दोन-दोन सिलिंडर, थंडावा पंख्याच्या हवेचा, क्रँककेस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. १.७ लिटरच्या इंजिनाची ताकद ८० अश्वशक्ती. १९७३च्या मॉडेलपासून मिळू लागलेल्या २ लिटरची युरोपात १००. या दोन्ही इंजिनांना कार्ब्युरेटर नाही. पेट्रोल देण्याचे काम बॉशच्या डी-जेट्रॉनिककडे आहे, आणि इंजिन पुन्हा बांधताना सगळा फरक त्यानेच पडतो.

नावातला ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, जर्मनमध्ये दाब. इंजिन किती हवा ओढते हे ही यंत्रणा मोजतच नाही. ती इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बघते, इंजिनाचे फेरे बघते, हवेचे आणि हेडचे तापमान बघते, आणि त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवते. इंजेक्टरमागे पेट्रोलचा दाब कायम २ बारच्या आसपास असतो, त्यामुळे वेळ ठरली की मात्रा ठरली. धुरात किती ऑक्सिजन उरला हे सांगणारा सेन्सर तेव्हा नव्हता. दिलेले पेट्रोल जास्त झाले की कमी, हे यंत्रणेला कळायला वाटच नाही. हे सगळे ठरवणारी, जेमतेम पंचवीसेक ट्रान्झिस्टरांची इलेक्ट्रॉनिक पेटी ठरावीक कॅमशाफ्ट, ठरावीक हेड आणि ठरावीक कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनावर बेतलेली असते. अंगाचे माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखे हे आहे. अंग बदलले की सदरा चुकतो, आणि उसवून पुन्हा बेतणारा शिंपी सहजासहजी मिळत नाही.

कल्पना मुळात अमेरिकन. बेंडिक्स कंपनीचा ‘इलेक्ट्रोजेक्टर’ १९५८च्या काही क्रायस्लर गाड्यांवर दिला गेला होता. गाड्या मोजक्याच निघाल्या, त्रास फार झाला, आणि बहुतेकींवर पुढे कार्ब्युरेटर चढले. बॉशने ती पेटंटे परवान्यावर घेतली आणि १९६७मध्ये फोक्सवॅगन १६००वर डी-जेट्रॉनिक आणली. निमित्त अमेरिकेतल्या १९६८च्या धुराच्या नियमांचे. मागोमाग व्होल्वो, साब, मर्सिडीज, सित्रोएन डीएस यांनीही ती घेतली. भारतातल्या अँबॅसडर आणि फियाट त्या काळात, आणि पुढेही बरीच वर्षे, कार्ब्युरेटरवरच धावत होत्या. जेट फुंकून साफ करणाऱ्या, हवेचा स्क्रू कानाने लावणाऱ्या मेस्त्रीचे जे कसब आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचे आहे, ते इथे फारसे चालत नाही. नंतरच्या पेट्यांवर आयडलचे मिश्रण कमीजास्त करणारी एक खुंटी असते, तेवढीच काय ती मोकळीक. बाकी सारा कारभार मल्टिमीटर आणि व्हॅक्यूम गेजचा.

काम हाती घेताना क्रम चुकवता येत नाही: आधी लोखंड, मग वायर. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखे नसेल, टॅपेट चुकीचे लागले असतील किंवा इग्निशनचा टायमिंग सरकला असेल, तर मॅनिफोल्डमधला दाब बिघडतो. दाब बिघडला की पेटी चुकीचे पेट्रोल देते. दोष इंजिनाचा आणि बोल इंजेक्शनला, असा हा प्रकार. एके काळी असंख्य मालकांनी याच गैरसमजातून डी-जेट्रॉनिक उपटून टाकली आणि वेबरचे जोड-कार्ब्युरेटर बसवले. त्यांतल्या कितींच्या इंजेक्शनमध्ये खरोखर दोष होता, हे आता कोण सांगणार? पण उपटलेले ते भाग सगळेच भंगारात गेले नाहीत. बरेचसे खोक्यात भरून गॅरेजच्या माळ्यावर पडून राहिले, आणि आज जुन्या भागांचा जो बाजार चालतो त्याचा मोठा साठा त्या माळ्यांवरूनच उतरलेला आहे.

९१४चे इंजिन गिअरबॉक्ससकट खालून उतरवतात. पत्रे आणि पंखा काढला की दोन्ही बाजूंची हेड दिसतात, आणि सगळ्यात आधी तीच नीट पाहायची असतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हेडवर उष्णतेचा मार सर्वांत जास्त. व्हॉल्व्ह सीट आणि स्पार्क प्लगच्या भोकादरम्यान तडे जातात. फार तापलेल्या हेडमधली सीट सैल होऊन निसटते आणि मग पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड या तिन्हींचा एकदमच निकाल लागतो. बारीक तडा वेल्डिंगने भरता येतो आणि नव्या सीट घट्ट मापाने ठोकून बसवता येतात, पण हे काम हेडचेच काम करणाऱ्या वर्कशॉपचे. गल्लीतल्या लेथवर ते उरकू नये. २ लिटरच्या हेडला मागणी विशेष. त्यावर प्लगचा कोन वेगळा आहे आणि इनटेक पाइप तीन स्टडवर बसतो, त्यामुळे १.७चा पाइप त्यावर लागत नाही. विकत घेणाऱ्याने ‘९१४चे हेड’ एवढ्यावर समाधान मानले, तर घरी आल्यावर डोक्याला हात लावण्याची वेळ येते.

सिलिंडर सुटी असतात, एकेक ओढून काढता येतात. १.७चा बोअर ९० मिमी आणि स्ट्रोक ६६; २ लिटरचा ९४ आणि ७१. पुन्हा बांधताना २ लिटरवर ९६ मिमीचे पिस्टन-सिलिंडर चढवून इंजिन २०५६ घनसेंमी करण्याची रीत आता जुनी झाली आहे. एवढा बदल डी-जेट्रॉनिक थोड्या जुळवाजुळवीनंतर सोसते. कॅमशाफ्टची गोष्ट निराळी. जास्त उघडझाप देणारा ‘गरम’ कॅम घातला की आयडलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो, पेटीला वाटते इंजिनावर भार आला, आणि ती पेट्रोल ओतत सुटते. म्हणून इंजेक्शन ठेवायचे ठरले असेल तर कॅम मूळ मापाचा किंवा मूळच्या जवळचाच हवा.

कॅमवर टॅपेट घासत चालतात. नवा कॅम घातला की टॅपेटही नवेच घालावे लागतात. जुने दुसऱ्या कॅमवर चालवले की दोन्ही खातात. हल्लीच्या पेट्रोल-गाड्यांच्या तेलात जस्ताची संयुगे पूर्वीपेक्षा कमी असतात, तेव्हा जुन्या इंजिनांसाठीचे तेल निवडून घ्यावे लागते. पहिल्यांदा सुरू झाल्यावर इंजिन सुमारे २००० फेऱ्यांवर वीस मिनिटे सलग फिरले पाहिजे, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसतात. इथेच लोखंड आणि वायर यांची गाठ पडते. इंजेक्शनमध्ये बिघाड असेल, इंजिन पेटत नसेल आणि स्टार्टर मारत बसावे लागले, तर कॅमला असेंब्लीच्या वेळी लावलेले वंगण पुसले जाते आणि नवा कॅम पहिल्या दिवशीच जखमी होतो. म्हणून इंजेक्शनचा प्रत्येक भाग इंजिन बांधून होण्याआधी टेबलावर तपासून ठेवायचा.

त्यात पहिला मान मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरचा. डब्यासारख्या या भागात पोकळ धातूच्या चकत्या आणि पातळ तांब्याचा पडदा असतो. दाब बदलला की गाभा पुढेमागे सरकतो आणि त्याभोवतीच्या वेटोळ्यांमधला संकेत बदलतो. पन्नास वर्षे थरथरून पडद्याला तडा जातो. हातपंपाने सेन्सरमध्ये व्हॅक्यूम भरून ठेवला आणि काही मिनिटांत काटा खाली आला, तर पडदा गेला समजावे. वेटोळ्यांचा रोध एका जोडीत सुमारे ९० ओहम, दुसरीत सुमारे ३५०. पडदा बदलता येतो, पण मग आतले स्क्रू पुन्हा कॅलिब्रेट करावे लागतात, आणि ते काम व्हॅक्यूम गेजबरोबर इंडक्टन्स मोजणारे यंत्र हाताशी असल्याशिवाय करू नये. ज्याच्या शेपटीकडचे सील खरवडलेले आहे, त्या सेन्सरच्या पोटात कोणी तरी स्क्रूड्रायव्हर घालून नशीब आजमावले आहे.

थ्रॉटलवरच्या स्विचमध्ये कंगव्याच्या दातांसारख्या पट्ट्यांची छापील पाटी असते. पाय पटकन दाबला की संपर्क त्या दातांवरून धावतो आणि इंजेक्टरला जादा ठोके मिळतात. पट्ट्या झिजल्या की एका लयीत चाललेली गाडीही गचके खाते. डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी इंजेक्शनचे स्वतःचे दोन पॉइंट असतात, एक १ आणि ४ या सिलिंडरांच्या जोडीसाठी, दुसरा २ आणि ३साठी. त्यांची फायबरची टाच झिजली की निम्मे इंजिन उपाशी राहते. हेडच्या तापमानाचा सेन्सर एकाच वायरचा आहे. ती वायर तुटली की पेटीची समजूत होते की इंजिन गोठलेले आहे, आणि मग काळा धूर बघून लोक इंजेक्टर बदलत बसतात.

पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र तपासायच्या नसतात, सरळ फेकायच्या असतात. दिसायला ठीक असलेली कापडी वेष्टनाची नळी वाकवली की आतून चिरा उघडतात. खाली तापलेले हेड, वर २ बारचे पेट्रोल; अशाने किती तरी गाड्या जळाल्या. नवी नळी इंजेक्शनच्या दाबाचीच हवी, कार्ब्युरेटरची स्वस्त नळी चालणार नाही. मधल्या बोगद्यातून जाणाऱ्या प्लास्टिकच्या लाइनही आता कडक होऊन ठिसूळ झालेल्या असतात. त्यांच्या जागी स्टीलच्या घालतात.

सुरू करण्याच्या दिवशी आधी प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवतात, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग किल्ली चालू-बंद करतात. दर वेळी पंप एक-दोन सेकंद चालून थांबतो, आणि तेवढ्यात सगळे जोड हाताने चाचपून गळती पाहता येते. एवढे झाले की मगच स्टार्टर. पेटल्यावर आयडल चढलेले राहिले, तर बहुधा कुठे तरी हवा शिरते आहे. इथे एल-जेट्रॉनिकवर हात बसलेला माणूस फसतो. अमेरिकेतल्या १.८ लिटरच्या ९१४वर असलेली ती यंत्रणा हवा प्रत्यक्ष मोजते, त्यामुळे चोरवाटेने हवा आली की मिश्रण पातळ होऊन इंजिन मरगळते. डी-जेट्रॉनिकमध्ये तीच हवा दाब वाढवते, पेटी पेट्रोलही वाढवते, आणि इंजिन उगीच जोरात फिरू लागते.

जुन्या भागांच्या व्यवहारात सगळ्यात मोठे बोलणे नंबरांचे. सेन्सरवर बॉशचा दहा आकडी नंबर असतो, पण बाजारात उच्चार शेवटच्या तिघांचाच: १.७साठी ०४९, २ लिटरसाठी ०३७. असाच सेन्सर व्होल्वोवरून किंवा मर्सिडीजवरून काढलेला असेल तर डबा हुबेहूब तसाच, प्लगही तोच, आणि गाडी चालतेही, फक्त कधी बरोबर चालत नाही. अशा ‘चालणाऱ्या’ भागांनीच सर्वांत जास्त वेळ खाल्ला आहे. जर्मनीत मानहाइमच्या वेटेरामाला किंवा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या बाजारात टेबलांमागून हमखास ऐकू येते, की गाडीवर होता तेव्हा चालत होता. ते खोटे असतेच असे नाही. गाडी किती वर्षांपूर्वीची, एवढे मात्र विचारून घ्यावे.

भागांचा पुरवठा होतो तो गंजामुळे. ९१४ची बॅटरी इंजिनाच्या खोलीत उजवीकडे बसते. तिचे आम्ल ठिबकून खालचा सांगाडा कुजतो, मागच्या सस्पेन्शनचा आधारच जातो. अशी गाडी दुरुस्तीच्या पलीकडे जाते तेव्हा तिचे इंजिन बऱ्याचदा शाबूत असते. चांगला विक्रेता ते उतरवताना पेटी, सेन्सर, डिस्ट्रिब्युटर, थ्रॉटल स्विच आणि वायरिंग एकत्र ठेवतो, नंबरांचे स्पष्ट फोटो देतो, व्हॅक्यूम किती वेळ टिकला तेही लिहितो. सुटे विकले तर पैसे जास्त येतात, हे खरे. पण एकाच इंजिनावर पन्नास वर्षे चाललेला संच एकदा फोडला की घेणाऱ्याला तो पुन्हा जुळवत बसावे लागते. नूतनीकरण करून देणाऱ्या कारागिराकडे बहुधा अदलाबदल चालते: जुना भाग जमा करायचा, तेव्हा अनामत परत मिळते. सेन्सर टपालाने पाठवताना व्हॅक्यूमच्या तोंडाला रबरी बूच लावतात आणि डबा चारही बाजूंनी जाड फोममध्ये बसवतात, कारण आतल्या चकत्यांना एकदा जमिनीवर पडणेही पुरते.