यादीतली कारवी

यादी करणारा माणूस हावरा असतो, असं मला कधीच वाटलं नाही. आयुष्यात काय काय करायचं आहे हे जो कागदावर उतरवून काढतो, तो खरं तर जगाला मनापासून दाद देत असतो. इतकं सगळं आहे आणि त्यातलं एवढं तरी मला हवं आहे, हे उघडपणे सांगायला धीर लागतो.

या याद्या म्हणजे हल्लीच्या पोरांचं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी आपापल्या आजीला आठवून पाहावं. बारा ज्योतिर्लिंगं, चार धाम, साडेतीन पीठं, अष्टविनायक. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण काय झालं आणि काय राहिलं हे ती बोटांच्या पेरांवर बिनचूक सांगायची. अष्टविनायकाच्या बाबतीत तिचा एक हट्ट होता. मोरगावपासून सुरुवात केली की शेवटीही मोरगावलाच यायचं. आठवा गणपती झाला म्हणून गाडी परस्पर घराकडे वळवायची नाही. देवळं आठ, दर्शनं नऊ. शास्त्रोक्त यात्रेचा क्रमच तसा आहे. त्या नवव्या दर्शनाचं मला अजून अप्रूप वाटतं. जिथे एकदा जाऊन आलो तिथेच पुन्हा गेल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, ही अट घालणाऱ्यांनी याद्यांबद्दल फार खोल विचार केला असला पाहिजे.

जगात सर्वांत गाजलेली यादी बहुधा जॉन गोडार्ड यांची. लॉस एंजेलिसमधल्या या मुलाने १९४० साली, पंधराव्या वर्षी, १२७ गोष्टी लिहून काढल्या. ओळखीतलं एक मोठं माणूस हळहळत होतं की तरुणपणीच अमुक केलं असतं तर बरं झालं असतं, ते त्याच्या कानावर पडलं आणि त्याने वही उघडली. पुढे त्याने छोट्या होडीतून नाईल नदी उगमापासून मुखापर्यंत पालथी घातली, शंभरावर गोष्टी पुऱ्या केल्या. एव्हरेस्ट राहिलं, चंद्रही राहिला. पण मला त्या यादीतली आवडते ती अगदी वेगळी नोंद : एकविसावं शतक पाहायचं. हे करण्याची गोष्टच नाही. तिला शिडी लावता येत नाही, तिच्यासाठी पैसे साठवता येत नाहीत. तोवर टिकून राहायचं आणि ते आलं की समोर असायचं, एवढंच. गोडार्ड २०१३ साली गेले, म्हणजे तीही नोंद पुरी झाली.

माझी यादी कॉलेजच्या वयातली. तेव्हापासून तिच्यात भर पडत गेली, काही ओळी पुसट झाल्या. कळसूबाई तिच्यात होतं. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, वाटेत लोखंडी शिड्या. पहाटे चढले, दुपारी उतरले, घरी येऊन खूण केली. साल्हेर झाला. विहिरीत पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, गावातल्या लहान मुलांच्या बरोबरीने. या सगळ्यांचा आनंद खरा होता, पण त्यांच्याविषयी आज सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. ज्या गोष्टी माझ्या सवडीने झाल्या त्या मागे पडल्या. ज्यांनी मला त्यांच्या सवडीने बोलावलं, त्या अजून माझ्याबरोबर आहेत.

खग्रास सूर्यग्रहणाचंच पाहा. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रासाचा पट्टा अंकोल्याजवळ किनाऱ्याला लागला आणि कर्नाटक, आंध्र ओलांडून कोणार्कच्या बाजूला गेला. आमच्याकडे खंडग्रासच होतं, तरी आम्हा मुलांना दारं-खिडक्या लावून आत बसवलं होतं, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीपत्रं होती. बाहेर काहीतरी प्रचंड घडतंय आणि मला ते दिसत नाही, ही तळमळ तेव्हाची. पुढचं आलं ते २४ ऑक्टोबर १९९५ ला. राजस्थानपासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत आकाश निरभ्र, पण ऐन दिवाळी. सूर्यग्रहण अमावास्येलाच व्हायचं, त्यामुळे अश्विनात आलं की ते दिवाळीला गाठणारच. नव्या सुनेने फराळाची ताटं सोडून राजस्थानची गाडी धरायची, हे त्या घरात कुणाला सुचलं नसतं, आणि मीही विचारलं नाही. १९९९ चं आलं ऑगस्टात, भर पावसाळ्यात, मावळतीच्या वेळी.

२२ जुलै २००९ ला मात्र मी सुरतेला पोहोचले. सकाळचे सहा वाजून गेले होते आणि वर ढगांचं जाड आवरण होतं. सूर्य दिसला नाही. दिसला तो अंधार. पश्चिमेकडून तो ढगांच्या पोटाखालून सरकत आला, आणि नुकती कुठे उजाडलेली सकाळ परत मिटली. मैदानात जमलेली शेकडो माणसं आधी बोलत होती, मग कुजबुजायला लागली, मग ती कुजबूजही थांबली. तीनेक मिनिटांनी पुन्हा पहाट झाली, एकाच सकाळी दुसऱ्यांदा. माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा वडिलांचा हात घट्ट धरून उभा होता, तो मोठ्याने हसायला लागला आणि त्याच्याबरोबर आम्ही सगळेच.

घरी आल्यावर त्या ओळीवर खूण करावी की नाही, हे मला ठरवता आलं नाही. सूर्याभोवतीचं प्रभामंडळ मी पाहिलेलं नाही, पण सावलीच्या आत उभी राहिलेली आहे. ती ओळ मी तशीच ठेवली. भारतातून दिसणारं पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, काश्मीर-लडाखच्या बाजूला. तेव्हा गुडघे काय म्हणतील कोण जाणे. पण ती तारीख वहीत आहे, आणि ती तिथे आहे म्हणून मी जिना चढते-उतरते, सकाळी टेकडीवर जाते.

दुसऱ्या काही गोष्टी अशा की त्यांनाच आयुष्य असतं. आपण आपल्या वयाचा हिशेब करत बसतो आणि त्यांचं वय विसरतो. रात्रभर बसून गाणं ऐकायचं, थेट सकाळच्या रागांपर्यंत, हे मी लिहिलं होतं. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मृतीसाठी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्र ओलांडून चालत असे. रमणबागेच्या मैदानावर डिसेंबरची थंडी, पायाखाली सतरंजी, अंगावर घरून आणलेल्या शाली आणि मामाने थर्मासातून दिलेला चहा. मध्यरात्री मालकंस, दरबारी, मग डोळे जड होण्याचा तो एक तास, आणि त्यातून बाहेर पडताना ललतचे सूर. शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली ध्वनिमुद्रित भैरवी. ललत मी नंतरही ऐकला, मोठमोठ्या गवयांकडून ऐकला. पण रात्र पायी तुडवत त्याच्यापाशी पोहोचणं काही निराळंच होतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद केले. त्यामागचं कारण मला मान्य आहे, आजारी माणसाच्या झोपेपेक्षा माझी मैफल मोठी नाही. तरी उत्तररात्रीचे राग त्यामुळे मोठ्या मैफलींतून जवळजवळ हद्दपार झाले, हेही खरं. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत सकाळ मिळते, तिच्या आधीची रात्र मिळत नाही. आज विशीतल्या कुणी ही ओळ लिहिली तर ती पुरी व्हायला माणसाचा निश्चय पुरणार नाही.

कारवी पाहायची, हे मी नकाशे आणि रानफुलांची पुस्तकं चाळण्याच्या वयात लिहिलं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना कारवी नवी नाही. घाटवाटेवर आधाराला धरतो ती काठी कारवीची, डोंगरातल्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या, त्यावर शेणामातीचा लिंपा. पण ही फुलते सात वर्षं थांबून, आठव्या वर्षी. अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो, मधमाश्यांना उसंत नसते, आणि फुलून झाल्यावर ते झाड मरून जातं. पुढे वाळलेली बोंडं तडतडत फुटतात आणि बी खाली पडतं. फुलण्यासाठी त्याला एकच संधी, आणि तिच्यासाठी सगळं आयुष्य पानांवर काढायचं. प्रत्येक डोंगराचं साल एकच असतं असंही नाही. एका खोऱ्यात फुलोरा आणि पलीकडच्या कड्यावर नुसती हिरवी पानं, हेही होतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या टेकड्यांवर ती २०१६ साली फुलली. त्या वर्षी माझी आई दवाखान्यात होती आणि मी तिच्या उशाशी होते. मावशीच्या मुलाने फोनवर फोटो पाठवले, ते मी आईला दाखवले. आई डोंगरातल्या गावची. तिने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि म्हणाली, "या सालचा मध घेऊन ठेवा म्हणावं त्याला." तिला फुलांच्या आधी मध आठवला. पुढच्या फुलोऱ्याला, २०२४ च्या सप्टेंबरात, मी तिथे गेले. धुकं होतं, पाय घसरत होते, आणि दोन्ही अंगांना खांद्याच्या वर जांभळ्या घंटा. मी बराच वेळ एका जागी उभी राहिले. आईशिवायची ती माझी पहिली कारवी होती, आणि तिच्यासाठी मी काही केलं होतं ते एवढंच की आठ वर्षं त्या तारखेकडे लक्ष ठेवलं होतं.

वारीची ओळ माझ्या यादीत अशी होती : एकदा आळंदी ते पंढरपूर पायी. या 'एकदा'वर माझा भर होता. दिंडीत नाव दिलं, भिशी भरली, पुण्याहून दिवेघाट चढून सासवड गाठलं. तो टप्पा मोठा, तळपाय पोळले. संध्याकाळी तळावर समाजआरती झाली, तेव्हा मी जे पाहिलं ते कुठल्याही शिखरावर पाहिलं नाही. लाखभर माणसांचे टाळ-मृदंग वाजत असतात, चोपदार दंड उंचावतात आणि सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तीच तेवढी टाळ वाजवत राहते. तिचं ऐकून घेतल्याशिवाय आरती पुढे जात नाही. इतक्या अफाट समुदायाला एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकायला थांबवता येतं, ही व्यवस्था ज्यांनी शतकानुशतकं जपली त्यांच्यापुढे मी मनोमन हात जोडले.

लोणंदच्या पुढे, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण पाहून आम्ही तरडगावच्या वाटेला लागलो. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी बाजूला चालत होती. तिने विचारलं, "पयलीच वारी का माउली?" मी हो म्हणाले. "पाय दुखत्याल. लोण्यावानी हुत्यात फुडं." आणि थोडं चालल्यावर, जणू ठरलेलंच असावं तशी म्हणाली, "मंग फुडल्या सालाला भेटूच."

तिच्या मनात 'एकदा' नव्हतंच. माळ घातली की वारी चुकवायची नाही, पंढरपूर 'पाहून झालं' असं वारकरी म्हणत नाही. कळस दिसला की तो पुढच्या वर्षाचा निरोप घेऊनच निघतो. माझ्या यादीतली ती ओळ तिने जाता जाता निकालात काढली. मी माळ घातलेली नाही, तेवढं बळ अजून माझ्यात नाही. पण दर आषाढाच्या आधी जमतील तेवढे मुक्काम चालते, दिंडीत तिला शोधते. कधी भेटते, कधी नाही.

मोडीचंही असंच झालं. मोडी शिकायची, घरातले जुने कागद वाचायचे, असा माझा हेतू. मोडीत आधी कागदावर रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवत, हात शक्य तितका न उचलता, लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. त्यामुळे पहिले काही महिने वाचन म्हणजे केवळ शब्द कुठे सुटतो याचा शोध. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी साधा कारकून झरझर लिहीत होता, तीत एक ओळ लावायला मला अख्खी दुपार लागायची. घरचे कागद लवकर संपले : एक गहाणखत, दोन वाटणीपत्रं. मग शेजारचे त्यांचं दप्तर घेऊन आले, त्यांच्या ओळखीचे आले. आता रविवारी सकाळी कुणी ना कुणी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा घेऊन येतं. त्यांच्या पणजोबांनी किती रुपयांना शेत गहाण टाकलं आणि ते सोडवलं की नाही, हे आम्ही दोघं मिळून वाचतो. शेत सुटल्याचा कागद सापडला तर घरात पेढे येतात, शंभर वर्षं उशिरा.

माझ्या भाचीने यंदा तिची यादी केली. त्यात उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश आहे, पॅराशूट आहे, जपानी भाषा आहे. मला वाचायला दिली, काही सुचव म्हणाली. मी तिच्या एकाही ओळीला हात लावला नाही. खाली फक्त एक भर घातली : कारवी, २०३२, पाऊस ओसरताना. त्या वर्षी ती नोकरीत असेल, कदाचित परदेशात. रजा आधीच मागून ठेव म्हटलं. तिने लगेच फोनमध्ये तारीख घालून ठेवली आणि विचारलं की मध कुठे मिळतो.