चुकलेलं जहाज

भोकरदन

चि. सोनूस,


लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या तळघरात वेलिंग्टनची समाधी पाहिलीस आणि विचारलंस, ‘मामा, आपल्या असईच्या लढाईतला तो हाच का?’ हाच. पण तो असईला पोचला यामागे मुंबईतलं एक आजारपण आहे, ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

साल १८०१. तेव्हा तो कर्नल आर्थर वेलस्ली होता, वय ३१. फ्रेंच फौज इजिप्तमध्ये होती, तिच्यावर हिंदुस्थानातून सैन्य पाठवायचं ठरलं. गव्हर्नर जनरल त्याचाच थोरला भाऊ. आधी मोहिमेची सूत्रं आर्थरकडे दिली, मग काढून जनरल बेअर्डकडे सोपवली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तटावर चढाई केली बेअर्डनं आणि तिथला कारभार मिळाला आर्थरला; आता पारडं उलटं फिरलं. ते त्याच्या मनाला फार लागलं. तरी बेअर्डच्या हाताखाली जायला तो तयार होता.

आणि मुंबईत त्याला तापानं गाठलं. पाळीचा ताप, वर अंगभर खरूज. उपाय काय, तर नत्राम्ल घातलेल्या पाण्यात अंघोळ! पाणी इतकं जहाल की अंग पुसलेला टॉवेलसुद्धा करपायचा. बेअर्ड थांबला नाही, मोहीम निघून गेली. वेलस्ली ज्या ‘सुझाना’ जहाजानं जायचा होता, ते तांबड्या समुद्रात सगळ्यांसकट बुडालं. बेअर्डची फौज वाळवंट तुडवून नाईलपर्यंत गेली खरी, पण तोवर लढाई संपत आली होती.

हा मात्र बरा होऊन म्हैसूरला परतला आणि दोन वर्षांनी आपल्या मुलखात उतरला.

आपल्याकडे कुणी कुणी म्हणतं, तो बुडाला असता तर मराठी राज्य वाचलं असतं. मला हे पटत नाही. १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ होळकर एकीकडे आणि शिंदे-पेशवे दुसरीकडे, असे आपलेच लोक आपसांत लढले. पेशवा बाजीराव वसईला पळाला आणि इंग्रजांशी तह करून बसला. इंग्रजांना दार आपणच उघडून दिलं. वेलस्ली नसता तर दुसरा कुणी आत आला असता.

पण २३ सप्टेंबर १८०३ चा असईचा दिवस तसाच गेला असता असं मी म्हणणार नाही. वाटाडे सांगत होते की केळणा नदीला जवळपास उतार नाही. यानं पाहिलं, पिंपळगाव आणि वरूड नदीच्या दोन काठांना समोरासमोर आहेत. मग लोक येत-जात असणारच. उतार सापडला, आणि तो केळणा-जुई नद्यांच्या बेचक्यात शिरला. शिंद्यांच्या फौजेनं त्याची दीड हजारावर माणसं मारली किंवा जखमी केली. आपले गोलंदाज तोफांपाशीच पडले. मेल्याचं सोंग घेतलेले काही पुन्हा उठले आणि पुढे गेलेल्या इंग्रजांवर त्यांनी पाठीमागून मारा केला. सोनू, या गोलंदाजांची नावं कुठेच कोरलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

१८०५ मध्ये प्रकृतीची तक्रार सांगूनच तो हिंदुस्थान सोडून गेला. पुढचं वॉटर्लू तुला माहीत आहेच.

दिवाळीला येशील तेव्हा पिंपळगावचा उतार दाखवीन. थंडीला जप.

तुझा,
मामा