आईनं रिक्षा बघायला सांगितली तेव्हा

पाठीमागून कोणी रोखून पाहत असलं की कळतं, असं आमच्या नात्यागोत्यात सगळेच मानतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एडवर्ड टिचनर यांनी हे प्रयोग करून तपासलं आणि १८९८ मध्ये लिहिलं, की नुसती नजर पाठीला कळत नाही. अस्वस्थ वाटलं की माणूस मान वळवतो, त्या हालचालीनं मागच्याचे डोळे वर उठतात, नजरानजर होते, आणि वाटतं, हा मघापासून आपल्याकडेच बघत होता. मला हे पटतं. तरीही ११ मे २०१८ च्या संध्याकाळी आईला जे कळलं, ते खरं होतं.

शुक्रवार होता. अधिक महिना तोंडावर आला होता, म्हणून जावयाचं वाण घ्यायला आम्ही दोघी औरंगाबादेत गुलमंडीवर गेलो होतो. रमजानही आठवड्यावर आलेला. शहागंजापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. चांदीचा दिवा घेऊन झाला, मला पुढे ड्रेसचं कापड बघायचं होतं. आई रस्त्यातच थांबली.

“रिक्षा बघ.”

“अगं, आत्ता कुठे सात वाजतायत.”

“बघ म्हणते ना.”

रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, “गल्लीत एक तरी पोरगं दिसलं का तुला?”

नव्हतं दिसलं. मे महिन्याची सुट्टी, उन्हं उतरलेली, आणि गल्लीच्या तोंडाशी क्रिकेट नाही. मग एकेक आठवू लागलं. घासाघीस चालू होती, पण दुकानदाराचे डोळे कापडावर नव्हते, रस्त्यावर होते. टपरीवर चहा प्यायला माणसं होती, बोलत कोणी नव्हतं. हे सगळं मीही पाहिलंच होतं. आईनं त्याचा अर्थ लावला होता, कारण १९८८ च्या मे महिन्यातली दंगल तिनं याच शहरात, नवी सून असताना पाहिली होती. तिच्या लेखी पोरं घरात घेतली जाणं ही बातमीच होती.

त्या रात्री मोती कारंजाकडून दंगल उसळली आणि गांधीनगर, राजाबाजार, शहागंजात पसरली. दोघांचा जीव गेला, कित्येक दुकानांची राख झाली. बेकायदा नळजोडण्या तोडण्यावरून ठिणगी पडल्याचं वर्तमानपत्रांत आलं.

माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवती पांढरा भाग ठळक दिसतो, त्यामुळे कोण कुठे बघतंय हे लांबूनही ओळखता येतं. गर्दीत आपण सतत हे टिपत असतो आणि टिपतोय हे आपल्याला ठाऊकही नसतं. बायकांना तर हे लहानपणापासून शिकावंच लागतं. म्हणून पोटात कालवलं की मी आता स्वतःला ‘काहीतरीच तुझं’ म्हणून गप्प करत नाही.

पण ही जाणीव ताण ओळखते, तो कुणाचा आणि कशामुळे हे तिला कळत नाही. दंगलीनंतर मी पहिल्यांदा शहागंजात गेले तेव्हा प्रत्येक दुकानातून माझ्याकडे बघतायत असं वाटत होतं. छातीत धडधडत होतं. मी वळून बघायचे, की समोरचा बघत असायचा. टिचनर आठवले. मी बघत होते, म्हणूनच तेही बघत होते. आमच्या नेहमीच्या कापडवाल्या चाचांच्या दुकानाची एक बाजू काळी पडली होती. मी पायरी चढले तेव्हा तेही मला आधी खालून वर न्याहाळत राहिले. मी सलाम केला. त्यांचा चेहरा सैल झाला.

“बैठो बेटा,” ते म्हणाले. “दो दिनसे जो भी आता, मुडमुडके देखता. हमकू भी डर लगरा.”

मग त्यांनी आईची चौकशी केली आणि त्या दिवशी राहिलेलं कापड काढून दाखवलं.