आडवी नदी, उभी नदी

माझ्या फोनवर एक फोटो होता. निळी हेल्मेटं आणि नारिंगी लाइफ जॅकेटं घातलेली आम्ही आठ माणसं एका रबरी राफ्टमध्ये बसलो आहोत, समोरून पाणी अंगावर येतंय आणि मी तोंड वासून किंचाळतेय. ऑफिसच्या सहलीत, कोलाडला, कुंडलिका नदीत काढलेला. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आबा गावाहून पुण्याला आमच्याकडे आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो पाहिला. चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "ही तू हाईस?"

मी हो म्हटलं.

"कोण बुडालं?"

"कुणी नाही आबा. मजा म्हणून जातात लोक."

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

का, ते मला ठाऊक होतं. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. तिला गोदावरी म्हणायचं ते शाळेच्या पुस्तकात. घरात ती गंगा. गंगेला पाणी आलं, गंगा उतरली, गंगेवर धुणं धुवायला गेली. गंगा घरापासून दोन शेतं टाकून, आणि घरात पोहता मात्र एकालाही येत नाही. आबांच्या थोरल्या भावापासून हे असं आहे. त्या काकांचा फोटोसुद्धा नाही. ते पुरात वाहून गेले, एवढं एक वाक्य आम्हां भावंडांना माहीत होतं आणि त्या वाक्यापुढे कुणी जात नसे.

कोलाडहून आल्यावर मला नदीवरच्या सिनेमांचं वेडच लागलं होतं. कनू, कयाक, राफ्ट, जे मिळेल ते मी रात्री जागून पाहत होते. आबांचा मुक्काम दीड महिन्याचा. पाय लांब करून बसण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं, आणि मालिकांचा त्यांना कंटाळा. एका रात्री मी 'द रिव्हर वाइल्ड' लावला होता, तो त्यांनी सोफ्यावरून पाहायला सुरुवात केली. १९९४चा सिनेमा. मेरिल स्ट्रीप त्यात पूर्वाश्रमीची राफ्टिंग गाईड आहे. नवरा आणि मुलाला घेऊन ती नदीवर सहलीला जाते आणि वाटेत भेटलेले दोघे जण दरोडेखोर निघतात. मी संवादांचं भाषांतर करायला लागले, तर आबा म्हणाले, "राहू दे. कळायलंय."

थोड्या वेळानं ते सरसावून बसले. "बाई नाव तिरपी धरायलीय बघ."

खरंच, ती तिरपी धरत होती. राफ्ट वल्हवणारा माणूस तोंड संकटाकडे ठेवतो, राफ्ट धारेला तिरकी करतो आणि वल्ही मागे ओढत खडकापासून बाजूला सरकतो. धारेशी सरळ झुंजायचं नाही, तिचाच जोर वापरून कडेला जायचं. आबा हे लहानपणी तरीवर बसून शिकले होते. आमच्या गावची नाव पलीकडे न्यायची, तर नावाडी आधी ती काठाकाठानं बरीच वर ओढून नेई. मग तोंड वरच्या अंगाला तिरपं ठेवून सोडून देई. धार तिला खाली रेटे आणि ती बरोबर समोरच्या उताराला लागे. कयाकवाल्यांच्या भाषेत याला 'फेरी ग्लाइड' म्हणतात, म्हणजे तरीवाल्याची चाल. नदीबरोबर कोसाकोसांचा प्रवास करायला निघणाऱ्यांना सुरुवातीच्या धड्यांत शिकवतात ते नदी ओलांडायला.

सिनेमा संपल्यावर आबांनी एक प्रश्न विचारला. "पण ह्यांना जायचं कुठं व्हतं?"

"कुठे नाही. नदीतून खाली जायचं होतं."

"खाली त्यांचं काय हाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर किती तरी दिवस मी त्या प्रश्नावर विचार करत राहिले. आमच्याकडे नाव आडवी चालते. अलीकडे घर, पलीकडे शेत. अलीकडे माहेर, पलीकडे सासर. नावेचं काम धार कापून समोर पोचणं. नाव नसेल तर वाळल्या भोपळ्यांची सांगड, नाही तर गूळ करायची काहील, आता थर्माकोलचे तुकडे. वस्तू बदलल्या, दिशा तीच. आपली भाषाही आडवीच आहे. तरणं, तारणं, तीर्थ हे सगळे शब्द ओलांडण्याच्या एकाच धातूतून आलेले. संकटातून माणूस पार पडतो, कामं तडीला जातात, म्हातारपणी पैलतीर दिसायला लागतो. आणि नदीच्या लांबीनं जायचं म्हटलं, तर आपल्याकडे शब्द उरतात ते वाहून जाणं, वाहवत जाणं, प्रवाहपतित. नदी उभी पार करायला निघालेला माणूस आपल्या भाषेत एक तर बुडालेला असतो, नाही तर बिघडलेला.

सिनेमातल्या नद्या मात्र उभ्या. त्यांच्यासाठी नदी ही वाट आहे, कुणी तरी आधीच तोडून ठेवलेली. म्हणूनच बहुधा या सिनेमांची गोष्ट इतकी सरळ असते. नावेत बसलं की मागे फिरता येत नाही, थांबायचं म्हटलं तर काठ कड्यांचा, आणि पुढच्या वळणावर काय आहे ते फक्त आवाजावरून कळतं. लेखकाला वेगळं कथानक रचायला नको. उतार ते काम करतो.

हर्झोगचा १९७२चा 'अगीरे' मी आबांना मुद्दाम दाखवला नव्हता, तो चुकून लागला. सोन्याच्या नगरीच्या शोधात निघालेले स्पॅनिश सैनिक पेरूच्या जंगलात तराफ्यांवरून नदीत उतरतात. एक तराफा पलीकडच्या कड्याशी भोवऱ्यात अडकतो. वल्ही मारमारून माणसं थकतात, तराफा जागच्या जागी घुमत राहतो. अलीकडच्या काठावरचे सोबती नुसते पाहतात. रात्र होते. सकाळी तराफा तिथंच असतो आणि त्यावरची माणसं मेलेली असतात.

आबा म्हणाले, "बंद कर."

मी बंद केला. मग त्यांनी, मी न विचारता, काकांचं सांगितलं.

तेव्हा जायकवाडी नव्हतं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ची आणि लोकार्पण १९७६चं. त्याच्या आधी गंगा आपल्या मर्जीनं यायची. श्रावणातली गोष्ट. पलीकडच्या शेतात दोन बैल बांधलेले होते आणि पाणी चढायला लागलं. नावाड्यानं नाव काढायला नकार दिला. काका एकोणीस वर्षांचे. त्यांनी आणि शेजारच्या एकानं गुऱ्हाळाची काहील पाण्यात ढकलली. "काहिलीला तोंड नसतंय माय," आबा म्हणाले. "नावंला पुढचं अन् मागचं असतंय. काहील गोल. तिला तिरपी धरायची म्हणलं तरी कशी धरायची?" मधल्या धारेत ती भिंगरीसारखी फिरायला लागली. अकरा वर्षांचे आबा काठावरून पाहत होते. शेजारच्याच्या हाताला बाभळीची फांदी लागली. काका उडी मारून काठाकडे पोहायला लागले. पोहणारे ते उत्तम होते. सगळं गाव ओरडत होतं, काठाकडं ये, काठाकडं ये. ते धारेशी झुंजत राहिले आणि वळणापाशी दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी आजोबा काठानं चालायला लागले. प्रत्येक गावच्या घाटावर थांबायचं, कोळ्या-भोयांना विचारायचं, पुढे निघायचं. गंगाखेड तालुका संपला, पालम लागला, मग पूर्णा तालुका. चौथ्या दिवशी, पूर्णा नदी गोदावरीला मिळते त्याच्या अलीकडे, ते सापडले. कमरेच्या करगोट्यावरून ओळख पटली. आजोबांना त्यानंतर त्या काठावरच्या सगळ्या गावांची नावं ओळीनं पाठ होती. आमच्या घरात गंगा उभी पाहिलेला तो एकच माणूस.

हे ऐकल्यावर सिनेमे दाखवणं मी थांबवणार होते. पण दोन दिवसांनी आबांनीच विचारलं, "दुसरा नाही का एखादा? नदीचा?"

मग मी त्यांना हिलरींचा लावला. एव्हरेस्ट चढलेले एडमंड हिलरी १९७७ साली जेट बोटी घेऊन बंगालच्या उपसागरापासून गंगेतून वर निघाले, पार नंदप्रयागजवळ धबधबा आडवा येईपर्यंत. 'फ्रॉम द ओशन टू द स्काय' हा त्या मोहिमेचा माहितीपट. नदी उभीच, पण उलटी. आबांना बोटींपेक्षा काठ आवडले. घाटाघाटांवर लोटलेली गर्दी, हार, गंध, नारळ. एका परक्या माणसाला गंगेतून वर जाताना बघायला लोक कामधंदे टाकून आलेले. "त्याला कुणी ये म्हणलं न्हाई काठाकडं," आबा म्हणाले. "जा म्हणाले."

शेवटी पाहिला 'डिलिव्हरन्स'. १९७२चा, जॉन बूरमनचा. मधला एक प्रसंग वडिलांबरोबर पाहण्यासारखा नाही. तो मी पुढे सरकवला. जॉर्जिया राज्यातल्या एका नदीवर धरण होणार आहे, खोरं बुडणार आहे, म्हणून चार शहरी मित्र शेवटचं एकदा त्या नदीतून कनूनं जायचं ठरवतात. पुढे जे होतं ते भयंकर आहे, पण आबांचं लक्ष होतं शेवटाकडे. धरणाचं पाणी चढायच्या आधी गावची दफनभूमी हलवली जाते, पुरलेल्या पेट्या उकरून काढल्या जातात. आबा म्हणाले, हे येलदरीच्या वेळेस जिंतूरकडच्या पाहुण्यांनी बघितलंय. पूर्णेवरचं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावातून आमची आत्या दिलेली होती. देव हलवले, उंबरे हलवले.

या सिनेमाचं चित्रीकरण चॅटूगा नदीवर झालं. सिनेमा गाजला आणि नदीवर हौशी माणसांची रीघ लागली. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यातली बरीच बुडाली. १९७४ साली चॅटूगाला कायद्यानं संरक्षण मिळालं. सिनेमातली नदी धरणात जाते, खरी मात्र वाहती राहिली.

आमच्या गंगेचं उलट झालं. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे एकामागून एक परभणी जिल्ह्यात झाले. त्यांनी उसाला पाणी दिलं, आणि ज्या काठावर उन्हाळ्यात झरे उकरावे लागत तिथं मोटारी बसल्या. मी त्याला नावं ठेवणार नाही, माझं शिक्षण त्याच उसावर झालं. पण दारं बंद असली की पाणी तळ्यासारखं उभं असतं. आज आमच्या गावाहून संगमापर्यंत नावेनं जायचं म्हटलं, तर वाटेत भिंती आहेत. आणि कोलाडची ती उसळती कुंडलिका? मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं, वीज झाली की सोडतात, त्यावर सकाळचं राफ्टिंग चालतं. ज्या मुळशीसाठी १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, त्या पाण्यावर मी किंचाळत होते. फोटोत ते दिसत नाही.

हे आबांना सांगताना मी सहज बोलून गेले की, राफ्टमध्ये बसण्याआधी गाईडनं अर्धा तास शिकवलं. कोण पडलं तर काय करायचं.

"काय करायचं?"

"पाठीवर झोपायचं. पाय पुढे, धारेच्या दिशेनं, पायाची बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत. खडक आला तर पायांनी ढकलायचं. धारेत उभं राहायचं नाही, पाय कपारीत अडकतो. आणि जोराच्या धारेशी सरळ भांडायचं नाही. ती नेईल तसं जायचं. पाणी संथ झालं, किंवा कुणी दोरी फेकली, की मग कडेला यायचं."

आबा पलंगावर पडून गुडघ्याचा व्यायाम करत होते. टाच उचलायची, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायची. त्यांची टाच वरच राहिली.

"म्हंजी वाहून जायचं."

"हो. थोडा वेळ."

"आम्ही सगळे काठाकडं ये म्हणून ओरडायलो होतो," आबा म्हणाले. "मी बी."

मी म्हटलं, लाइफ जॅकेट नव्हतं, मदतीला दुसरी बोट नव्हती, पूर केवढा होता, काही उपयोग झाला नसता. ते खरंही असेल. आबांनी मान हलवली. ती कशाला हलवली ते मला कळलं नाही. साठ वर्षांनी हे सांगायला नको होतं, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "पोरीला पोहायला घाल."

माझी मुलगी पाचवीत आहे. दोन वर्षं ती मागे लागली होती आणि मी काही ना काही कारण काढत होते. आबांचं नाव न घेता.

"अन् त्यांना विचार, ते पाठीवर पडायचं शिकवतेत का. नुसतं हात मारायचं नको."

मी चौकशी केली. सकाळी सहाची बॅच आहे, पहिल्या आठवड्यात तरंगायलाच शिकवतात. आबांना काठी घेऊन चालायची परवानगी मिळाली आहे. गावाला परत जायच्या आधी चार दिवस तरी तलावावर येतो म्हणालेत. खुर्ची मिळेल का, एवढंच विचारलं.