सरपंच

मी पुणे विद्यापीठात शिकलो असे मी कुठेच सांगत नाही. मी पुणे विद्यापीठात होतो, एवढेच सांगतो. ऐकणाऱ्याने काय समजायचे ते समजावे. खरी गोष्ट अशी, की १९९८ साली मॅट्रिकच्या शिदोरीवर मी तिथल्या जयकर ग्रंथालयात रोजंदारीवर लागलो. पुस्तके खाली काढायची, फडक्याने पुसायची आणि जिथली तिथे ठेवायची, हे माझे काम.

तिथेच मला सरपंच भेटला. हे काही त्याचे नाव नव्हे. मेसच्या रांगेतली भांडणे तो दोन्ही पक्षांना हसवून मिटवी आणि तेवढ्यात स्वतः दोन माणसे पुढे सरके, म्हणून मुलांनी त्याला हे पद दिले होते. गडी माणदेशातला, मेंढपाळाचा मुलगा. इतिहासात एम. ए. करीत होता आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेत रोज दोनतीन तास बागकाम करून खर्च भागवीत होता. विद्यापीठाची ती मनोऱ्याची जुनी इमारत म्हणजे एके काळचा मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला. तिच्यासमोर रबरी नळी धरून उभा राहिला की तो म्हणे, “जिथं लाटसाहेबाच्या बुटाशिवाय पाऊल पडत नव्हतं, तिथं आता आमच्या म्हाताऱ्याचं पोरगं पाणी पाजतंय. इतिहास म्हणतात तो हाच बघ. बाकीच्या सगळ्या नोट्स!”

त्याचे हसणे आधी खांद्यांत सुरू होई, आवाज मागाहून येई. ग्रंथालयात आवाजाला बंदी. तेव्हा तिथे नुसते खांदे हलत, आणि ज्या कपाटाला तो टेकलेला असे ते कपाटही हले. पलीकडे अभ्यासाला बसलेली मंडळी दचकून वर पाहत.

एके दिवशी मी पुसून ठेवलेले पुस्तक त्याने पुन्हा माझ्या हातात दिले.

“नुसती वरची धूळ काय पुसतोस? आतली पण पूस की.”

त्या दिवसापासून तो मला एकेक पुस्तक निवडून देऊ लागला. संध्याकाळी झाडांना पाणी घालता घालता तो माझी तोंडी परीक्षा घेई. उत्तर चुकले की नळी माझ्याकडे वळे. मराठी साहित्य मी असा भिजून भिजून शिकलो. पावसाळ्यात परीक्षा बंद असत, त्यामुळे काही लेखक माझे कच्चेच राहिले.

रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असे. त्या दिवशी सरपंचाचे जेवण पाहायला आम्ही ताटे घेऊन त्याच्याभोवती बसत असू आणि पोळ्या मोठ्याने मोजत असू. मेसवाले काका कपाळाला हात लावीत. पण तेही हसत. संध्याकाळी मेस बंद. मग आम्ही चार पैसे काढून वडापाव खायला निघत असू. तो कधी आला नाही. “दुपारचंच अजून जिरलं नाही,” असे म्हणून पोटावरून हात फिरवी आणि वडाच्या झाडांखालून एकटाच फिरायला जाई. मला ते खरे वाटे.

पुढे मी चित्रकलेची परीक्षा देऊन शाळेत मास्तर झालो आणि लिहू लागलो. २००९ साली माझी पहिली कादंबरी निघाली. तीत एक खादाड विद्यार्थी आहे. तो एका बैठकीत चौदा पोळ्या खातो. लोकांना तेच प्रकरण फार आवडले. मलाही आवडले होते, हे लपवत नाही.

महिन्याभराने त्याचे पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच: “चौदा नव्हे, सतरा. त्यातल्या पाच रात्रीच्या होत्या.”

हे कार्ड घेऊन मी शाळेत गेलो आणि दिवसभर मुलांना नुसते आंबे काढायला लावले.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी ते प्रकरणच काढून टाकायचे ठरवले आणि त्याला तसे कळवले. उलट टपाली उत्तर आले: “काढशील तर याद राख. आख्ख्या गावाला वाचून दाखवलंय. आकडा तेवढा सुधार.” आकडा मी सुधारला. कार्डातले दुसरे वाक्य मात्र मला कादंबरीत कुठे बसवता आले नाही.

गेल्या दिवाळीत त्याच्या गावी गेलो. तो आता शाळेत इतिहास शिकवतो. गावाच्या निवडणुकीला कधी उभा राहिला नाही. “एकदा पद भोगलंय,” म्हणतो. दुपारी वहिनी पुरणपोळ्या वाढीत होत्या आणि तो माझ्यासमोर बसून मोठ्याने मोजत होता. त्याची मुले टाळ्या पिटीत होती. मी सहाव्या पोळीला हात टेकले.

रात्री पुन्हा पाने मांडली. मी पोटावरून हात फिरवला आणि म्हणालो, “दुपारचंच अजून जिरलं नाही.”

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग त्याचे खांदे हलू लागले.